इंग्लंडमध्ये घर घेताय? सॉलिसिटर नेमण्याआधी भारतातले पैसे आणि भारतातलं घर, दोन्ही सांगून टाका

इंग्लंडमध्ये आपल्या लोकांची फाईल अडते ती बहुतेक वेळा घरामुळे नाही. ऑफर मान्य झालेली असते, कर्जही मंजूर असतं, आणि सॉलिसिटरचा, म्हणजे वकिलाचा, ईमेल येतो: खात्यात आलेली ही रक्कम कुणाची, कुठून आली, पुरावा पाठवा. मग इकडे विक्रेता घाई करतो आणि तिकडे पुण्या-नाशकात म्हातारे आईवडील बँकेच्या पायऱ्या झिजवतात. ही धावपळ टाळता येते, पण सॉलिसिटर नेमण्याआधी बोललात तरच.

खालची माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आणि वेल्सचा कर वेगळा.

घरखरेदीचं कायदेशीर काम सॉलिसिटर करतो किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे मालमत्तेच्या व्यवहारांचा परवाना असलेला जाणकार. पहिल्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीची देखरेख असते, दुसऱ्यावर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सची. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर फर्मचं नाव तपासता येतं, तेवढं तपासा. फर्म तुमच्या कर्जाच्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे मान्य वकिलांच्या यादीत, आहे का हेही विचारा. नसेल तर बँक स्वतःचा वेगळा वकील लावते आणि त्याचा खर्च तुमच्या माथी येतो. इस्टेट एजंट एखादं नाव सुचवेल. त्याला त्यातून बहुधा कमिशन मिळतं. तीच फर्म घ्यायची सक्ती तुमच्यावर अजिबात नाही.

आता पैशांचं. मनी लॉन्डरिंगच्या नियमांमुळे सॉलिसिटरला पैशाचा उगम तपासावाच लागतो. तुमच्या पगारातली बचत सोपी असते. अडतं ते घरून आलेल्या पैशात. समजा, बाबा साठ लाख पाठवणार आहेत. दहा लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जातो, म्हणून घरात कुणीतरी सुचवतं: थोडे काकांच्या खात्यातून पाठवू, थोडे आत्याच्या. तिकडे टीसीएस वाचतो, पण इकडे काका आणि आत्या हे दोन नवे भेट देणारे होतात. दोघांचे पासपोर्ट, पत्त्याचे पुरावे, खात्यांचे उतारे आणि त्यांच्याकडे हे पैसे आले कुठून याचं उत्तर, सगळं मागितलं जातं. त्यांनी ‘भावाने दिले’ म्हटलं की शंका वाढतेच. कृपा करून हे करू नका. टीसीएस बुडत नाही, बाबांच्या रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे एकाच खात्यातून पाठवायला बहुतेकांना अडचण नसते.

कागद साखळीसारखे जुळायला हवेत. एफडी मोडली असेल तर तिची पावती, मोडल्याची तारीख आणि तीच रक्कम बचत खात्यात जमा झाल्याची नोंद. जमीन विकली असेल तर खरेदीखत. ते मराठीत असणार, म्हणून प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. सोनं विकून रोख रक्कम भरली असेल तर सराफाची पावती शोधा, कारण रोख भरणा पटवून देणं सगळ्यात कठीण. आईवडिलांकडे पासपोर्ट नसेल तर आधार कार्ड चालेल का, हे फर्मला विचारा. सगळीकडे चालतंच असं नाही. शिवाय भेट-पत्र लागतं: हे पैसे परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही. पैसे खरोखर परत करायचे ठरले असतील तर ती भेट नव्हे, उसनवारी. तसं बँकेला आणि सॉलिसिटरला स्पष्ट सांगा.

दुसरी अडचण कराची, आणि ही जास्त महागात पडते. पहिलं घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटीत सवलत आहे, पण ‘पहिलं’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. वडिलांच्या पश्चात पुण्याच्या फ्लॅटवर वारस म्हणून तुमचं नाव लागलं असेल, तर तुम्ही त्यात एक दिवसही राहिला नसलात तरी सवलत जाते. दोघं मिळून घेत असाल तर दोघांचंही पहिलंच हवं. नुसती शेतजमीन म्हणजे घर नव्हे, गावठाणातल्या घरातला वाटा मात्र सांगायलाच हवा.

त्याहून पुढे, भारतातल्या तुमच्या घराची किंवा वाट्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर दुसऱ्या घराचा ५ टक्के अधिभार लागू शकतो. एकत्र राहणाऱ्या नवराबायकोत एकाच्या नावावर खरेदी केली तरी दुसऱ्याचं घर मोजलं जातं. ४ लाख पौंडांच्या घराचं गणित पाहा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिल्या घराच्या सवलतीत ५,००० पौंड, सवलत नसेल तर १०,००० आणि अधिभारासह ३०,०००. खरेदीआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही ब्रिटनमध्ये किमान १८३ दिवस राहिलेले नसाल तर आणखी २ टक्के. वारशाच्या वाट्याला अधिभारातून काही सूट आहे, पण वारसा मिळून किती वर्षं झाली आणि वाटा किती टक्के यावर ती ठरते. कराचं विवरणपत्र ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत जातं आणि त्यातल्या माहितीची जबाबदारी तुमची. ‘आम्ही कराचा सल्ला देत नाही’ म्हणणाऱ्या फर्म पुष्कळ आहेत, म्हणून हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

फ्लॅट घेत असाल तर इमारत किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजल्यांची आहे का ते सांगा. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानंतर बऱ्याच फर्म अशी कामं घेतच नाहीत, आणि हे महिनाभराने कळलं तर फार वाईट वाटतं.

फीचा आकडा पाहताना खाली बारीक अक्षरांत काय आहे ते वाचा: लीजहोल्डची (मुदतीच्या भाडेपट्ट्यावरच्या घराची) जादा फी, प्रत्येक भेट देणाऱ्यामागे फी, पैसे पाठवण्याची फी, कराच्या विवरणपत्राची फी, वर व्हॅट. सगळ्यात स्वस्त फर्म यात बरेचदा महाग पडते.

पहिला ईमेल चार ओळींचा पुरतो. ‘वडील भारतातून अमुक रक्कम भेट देणार आहेत, ती एफडी मोडून येईल. त्यांच्याकडे पासपोर्ट आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये माझ्या नावावर एक तृतीयांश वाटा आहे. हे काम तुम्ही घ्याल का, कोणते कागद लागतील आणि जादा फी किती?’ नेमकी यादी पाठवणाऱ्या फर्मला पसंती द्या. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं तर दुसरी शोधा.

आणि डिपॉझिट भरायच्या दिवशी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल आला तर एक पौंडही पाठवू नका. आधी फर्मच्या संकेतस्थळावरून किंवा सुरुवातीच्या पत्रावरून नंबर घेऊन स्वतः फोन करा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर करू नका.