गराजच्या दाराला डोळे फुटले ते कसे

अमेरिकेत घर घेताना इन्स्पेक्शनवाला गराजमध्ये गेला, वर बघितलं आणि हसायलाच लागला. मोटरवर उघडणाऱ्या-बंद होणाऱ्या दाराच्या दोन बाजूंना खाली जमिनीलगत, वाटेत कोणी आहे का ते बघणारे जे दोन सेन्सर असायला हवेत ते आधीच्या मालकाने काढून छताला मोटरशेजारी एकमेकांकडे तोंड करून टेपने चिकटवले होते. म्हणजे मोटरच्या मते वाट कायम मोकळी, खाली कोणी आडवं पडलं असलं तरी मोकळीच. मला वाटायचं असले जुगाड फक्त आपणच करतो, पण इन्स्पेक्शनवाला म्हणाला हे तो नेहमी बघतो. कारणही एकच, संध्याकाळचं ऊन सेन्सरवर येतं किंवा कोळी जाळं करतो आणि दार बंद होता होता परत वर जातं, मग माणूस वैतागतो. वैताग खरा आहे, मलाही येतो. पण ते सेन्सर, म्हणजे दाराचे डोळे, तिथे कसे आले हे वाचत गेलो आणि एकेक गोष्ट कळत गेली तशी टेपची गंमत संपली.

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की मिस्त्री, ग्रीस आणि उघडी पडलेली स्कूटर. अमेरिकेत मात्र ते घराचं खरं दार असतं. तोरण, रांगोळी सगळं पुढच्या दाराला आणि घरातली माणसं दिवसभर ये-जा करणार गराजमधून. (आमच्याकडे पुढचं दार दिवाळीला पाहुणे आले की उघडतं, किल्ली कुठे ठेवली ते आधी शोधावं लागतं.)

सुरुवातीला गाड्या घोडागाडीच्या खोपटात ठेवायचे आणि दारं साधी, बिजागरीवर बाहेर उघडणारी. बाहेर बर्फ साचला की दार उघडायचं नाही, आधी फावडं मारा. १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसाने आडव्या फळ्यांचं, वर सरकून छताखाली झोपणारं दार काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर लावली. इंडियाना राज्यातल्या हार्टफोर्ड सिटीत त्याचा कारखाना होता. दाराचं छोटं मॉडेल मोटारीच्या मागे बसवून तो गावोगाव विक्रेते शोधत फिरला म्हणतात, आणि ती आयडिया शंभर वर्षं टिकली, आजही बहुतेक दारं तशीच आहेत.

यातली खरी करामत मोटरची नाहीच, स्प्रिंगची आहे. दोन गाड्यांचं १६ फूट रुंद दार सहज ७०-८० किलोचं किंवा त्याहूनही जड असतं, पण वरची स्प्रिंग इतकी पिळून ठेवलेली असते की जवळजवळ सगळं वजन तीच पेलते आणि मोटर फक्त ढकलते-ओढते. आपल्या दुकानाच्या शटरमध्ये वरच्या गोल नळीत स्प्रिंग असते ना, तेच तत्त्व, म्हणून तर बारीक अंगाचा दुकानदार एका हाताने शटर वर फेकतो आणि स्प्रिंग गेली की तेच शटर चौघांना उचलत नाही. स्प्रिंगला आयुष्य असतं, साधारण १०,००० वेळा दार उघड-बंद होईल इतकं. दिवसाला चार वेळा धरलं तर सात वर्षंसुद्धा भरत नाहीत. तुटते तेव्हा बार फुटल्यासारखा आवाज येतो, शेजारी बाहेर येऊन बघतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, गराज घराला चिकटलं, रेडिओवर चालणारे ओपनर, म्हणजे दार उघड-बंद करणाऱ्या मोटरा, घरोघरी आले. सुरुवातीचे रिमोट इतके बावळट होते की शेजाऱ्याच्या बटणाने तुमचं दार उघडायचं. नंतर आत छोटे स्विच असलेले ठराविक कोडचे रिमोट आले, मग नव्वदच्या दशकात दरवेळी बदलणारा कोड आला. ते बरंच झालं म्हणायचं कारण २०१५ मध्ये सॅमी कामकार नावाच्या सिक्युरिटीवाल्याने लहान मुलींच्या एका मेसेजिंग खेळण्यात फेरफार करून ठराविक कोडची दारं दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली. पण चोराची भीती ही नंतरची गोष्ट.

आधीची गोष्ट मुलांची. बटण दाबायचं आणि खाली येणाऱ्या दाराखालून पळत सुटायचं, हा खेळ कुठल्याही पोराला सुचेल. अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनकडे आलेल्या नोंदींप्रमाणे मार्च १९८२ पासून पुढच्या पंधराएक वर्षांत २ ते १४ वयाची साधारण ६० मुलं या दारांखाली अडकून दगावली, म्हणजे वर्षाला चारेक. काही वाचली पण मेंदूला इजा घेऊन. त्या मोटरा काही राक्षसी ताकदीच्या नव्हत्या. दार कशाला तरी टेकलं की उलट फिरायचं अशी सोय बऱ्याच ओपनरमध्ये होती, पण ती चालू व्हायला दाराने आधी त्या वस्तूवर जोर द्यायला लागतो, आणि किती जोर ते एका स्क्रूवर ठरायचं. लाकडी दार पावसाळ्यात फुगून ट्रॅकमध्ये अडकायला लागलं की घरमालक काय करणार, स्क्रू पिळून जोर वाढवणार. दार बंद व्हायला लागलं, काम झालं. आता मधे मूल आलं तरी ते बंदच होत राहणार. एवढासा जीव, छातीवर दार टेकून राहिलं की श्वास घेता येत नाही, आणि ओरडताही येत नाही म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही.

१९८२ मध्ये या ओपनरच्या सुरक्षेचं यूएल ३२५ नावाचं मानक कडक केलं पण ते ऐच्छिक होतं. मिनेसोटा राज्याने १९९० मध्ये स्वतःचा कायदा केला, त्याच वर्षी संसदेने देशभरासाठी केला. १ जानेवारी १९९१ पासून बनणारा प्रत्येक घरगुती ओपनर जमिनीवरच्या इंचभर उंचीच्या अडथळ्याला टेकल्यावर दोन सेकंदांत उलट फिरलाच पाहिजे. आणि १९९३ पासून त्यावर दुसरी सोय हवीच, एकतर दाराखाली डोळे नाहीतर दाराच्या तळाच्या कडेला दाब ओळखणारी पट्टी. डोळे स्वस्त पडतात म्हणून तेच सगळीकडे दिसतात, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, कारण उभ्या माणसापेक्षा खाली आडव्या पडलेल्या पोराची काळजी जास्त.

आणि इथेच टेपवाल्यांना उत्तर आहे. एक डोळा न दिसणारा उजेड सोडतो, दुसरा तो बघतो. दुसऱ्याला उजेड दिसला नाही तर दार खाली येणारच नाही, मग मधे मूल असो, जाळं असो, वायर उंदराने कुरतडलेली असो की सेन्सर केराच्या डब्याचा धक्का लागून वाकडा झालेला असो. बिघाड झाला की दार मुद्दाम हट्ट करतं, तशीच सक्ती आहे कारण स्क्रू पिळणाऱ्या माणसाचा अनुभव घेऊनच हा नियम लिहिलाय. अगदीच अडलं तर भिंतीवरचं बटण दाबून धरून ठेवा, दार बंद होतं, पण तेव्हा तुम्ही तिथे उभे असता आणि दार दिसत असतं. ते बटणही पाच फूट उंचीवर लावायचं, लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून.

मधे लोंबकळणारी लाल दोरी तर बहुतेकांना कपडे अडकवायला वाटते. ओढली की दार मोटरपासून सुटतं, मग हाताने उचलायचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात सांता रोझाच्या आसपास वणवा पेटला, वीज गेली, आणि काही माणसं, त्यात म्हातारी माणसं, दार उघडता न आल्याने आतच अडकून दगावली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला की १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या ओपनरला बॅटरी हवीच.

आता करायचं काय ते थोडक्यात, कारण करायचं फार नाहीच. महिन्यातून एकदा दाराच्या बरोबर मधे जमिनीवर २ बाय ४ चा (साधारण दोन इंच जाड, चार इंच रुंद) लाकडी तुकडा आडवा ठेवून दार बंद करा, टेकून लगेच वर गेलं पाहिजे. मग दार खाली येत असताना लांबूनच झाडूचा दांडा डोळ्यांसमोरून फिरवा, तेव्हाही परत वर गेलं पाहिजे. दार बंद असताना लाल दोरी ओढून हाताने अर्ध्यावर उचलून बघा, तिथेच स्थिर राहिलं तर स्प्रिंग ठीक, धाडकन खाली यायला बघितलं तर स्प्रिंग थकली. डोळ्यांच्या काचा सुक्या फडक्याने पुसायच्या, बिजागऱ्यांना आणि स्प्रिंगला वर्षातून दोनदा गराजच्या दाराचं वंगण, ट्रॅकला मात्र वंगण नको, तिथे धूळ चिकटून चिखल होतो. स्प्रिंग आणि तळाच्या कोपऱ्यातले केबलचे ब्रॅकेट (त्यांचे बोल्ट बऱ्याचदा लाल रंगवलेले असतात, ते उगाच नाही) यांना हात लावायचा नाही, त्यांच्यात सगळ्या दाराचं वजन ताणून ठेवलेलं असतं, तिथे माणूस बोलवायचा आणि पैसे द्यायचे. यूट्यूब बघून बाकी काय हवं ते करा.

आणि जुनं घर घेत असाल तर खाली वाकून बघा. दोन्ही बाजूंना डोळे नाहीत आणि दाराच्या तळाला पट्टीही नाही म्हणजे ओपनर बहुधा १९९३ च्या आधीचा, दुरुस्त करत बसू नका, नवीन घ्या. डोळे छताला असतील तर आमच्यासारखे टेप काढून खाली आणा, नीट समोरासमोर करायला माझी अख्खी दुपार गेली.