झोन व्हॉल्व्हचे नियंत्रण वायरिंग

गरम पाणी नळ्यांतून फिरवून घर उबदार ठेवणाऱ्या हायड्रॉनिक यंत्रणेत घराचे दोन-तीन किंवा अधिक भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागाकडे जाणाऱ्या नळीवर विजेने उघडणारा एक व्हॉल्व्ह बसवतात, त्याला झोन व्हॉल्व्ह म्हणतात. त्या भागातील थर्मोस्टॅट, हा व्हॉल्व्ह आणि तळघरातील बॉयलर व पंप यांना जोडणारी कमी व्होल्टेजची जोडणी म्हणजे त्याचे नियंत्रण वायरिंग होय. मुंबईत घर तापवण्याची वेळ येत नाही. सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेले ७.४ अंश सेल्सिअस हे नीचांकी तापमानही शहराच्या स्मरणात अपवाद म्हणूनच राहिले आहे. तरीही शहरातील मोठी हॉटेले, रुग्णालये आणि कार्यालयांच्या इमारती यांच्या थंड पाण्यावर चालणाऱ्या वातानुकूलनात असाच व्हॉल्व्ह खोलीखोलीच्या छतात बसलेला असतो, त्यामुळे हा विषय येथील तंत्रज्ञाला परका नाही.

या वायरिंगमध्ये दोन वेगळी सर्किटे असतात, आणि ती वेगळी आहेत हे ध्यानात आले की बाकीचे सारे त्यातूनच उलगडते. पहिले सर्किट व्हॉल्व्ह उघडण्याचे. मुख्य वीजपुरवठ्यावरून २४ व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे एक टोक थर्मोस्टॅटच्या ‘आर’ या जोडटोकाला जाते. खोली गार झाली की थर्मोस्टॅट ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ जोडतो, ‘डब्ल्यू’वरून वीज व्हॉल्व्हच्या मोटरला मिळते आणि मोटरची दुसरी तार ट्रान्सफॉर्मरच्या उरलेल्या टोकाकडे परत येते. वीज थांबली की बहुतेक व्हॉल्व्ह आतल्या स्प्रिंगच्या जोराने आपोआप बंद होतात. दुसरे सर्किट बॉयलरला सूचना देण्याचे. व्हॉल्व्ह पुरेसा उघडला की त्यातला एंड स्विच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडल्याची खूण देणारा छोटा स्विच, आपल्या दोन तारा जोडतो. या स्विचच्या दोन तारा बॉयलरच्या नियंत्रकावरील ‘टीटी’ या जोडटोकांना जातात आणि मग बॉयलर व पंप सुरू होतात. पाण्याला वाट मिळाल्याशिवाय पंप चालू नये, हा या क्रमामागचा हेतू आहे.

एंड स्विच केवळ दोन तारा जोडतो किंवा तोडतो, स्वतः वीज देत नाही. ‘टीटी’ टोकांवर बॉयलरच्या नियंत्रकाची स्वतःची वीज असते, म्हणून व्हॉल्व्हच्या ट्रान्सफॉर्मरची तार तेथे कधीही जोडू नये. दोन ट्रान्सफॉर्मर चुकून एकमेकांना जोडले गेले आणि त्यांची दिशा उलटी पडली, तर २४ऐवजी ४८ व्होल्ट निर्माण होऊन नियंत्रक जळू शकतो. चार तारांच्या व्हॉल्व्हमध्ये हा धोका सहज टळतो. हनीवेलच्या व्ही८०४३ मालिकेतील एंड स्विच असलेल्या व्हॉल्व्हमध्ये मोटरच्या तारा पिवळ्या आणि स्विचच्या लाल असतात. तीन जोडटोकांच्या व्हॉल्व्हमध्ये मात्र मधले टोक मोटर व स्विच दोघांना सामाईक असते, त्यामुळे तेथे मध्ये एक विलगीकरण रिले, म्हणजे एका सर्किटच्या विजेवर चालून दुसरे सर्किट जोडणारा पण दोन्हींची वीज वेगळी ठेवणारा स्विच, बसवणे हाच निर्धोक मार्ग आहे.

व्हॉल्व्ह अनेक असले तरी प्रत्येक थर्मोस्टॅट फक्त आपल्या व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये असतो, आणि असे सर्व संच एकाच ट्रान्सफॉर्मरवर समांतर जोडतात. एंड स्विचही आपसांत समांतर असले पाहिजेत, म्हणजे कोणत्याही एका भागाने मागणी केली की बॉयलर चालतो आणि शेवटचा व्हॉल्व्ह मिटल्यावरच थांबतो. ते एकामागे एक जोडले गेले, तर सर्व खोल्या एकदम गार होईपर्यंत बॉयलर सुरूच होत नाही. हे लक्षण दिसताच आधी ही जोडणी तपासावी.

ट्रान्सफॉर्मरची क्षमता हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. वर उल्लेखिलेला व्हॉल्व्ह सुमारे ७.७ व्होल्ट-अँपिअर घेतो, म्हणून ४० व्होल्ट-अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवर असे जास्तीत जास्त पाच व्हॉल्व्ह चालतात. मेण तापवून उघडणारे व्हॉल्व्ह याहून बरीच अधिक वीज घेतात आणि उघडायला मिनिट किंवा अधिक वेळ लावतात. ‘सी’ तार, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाकडून थर्मोस्टॅटपर्यंत येणारी सामाईक तार, नसलेले आधुनिक थर्मोस्टॅट स्वतःच्या चलनासाठी व्हॉल्व्हच्या मोटरमधूनच थोडी वीज ओढतात, त्यामुळे काही ठिकाणी रिले थरथरतो. नवे वायरिंग करताना एक जादा तार ओढून ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे. अमेरिकी सामान भारतात वापरताना ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवरून २४ व्होल्ट देणाराच घ्यावा लागतो. आपली वीज ६० नव्हे तर ५० हर्ट्झची असल्याने सिंक्रोनस मोटरचा, म्हणजे विजेच्या हर्ट्झनुसार वेग ठरणाऱ्या मोटरचा, व्हॉल्व्ह उघडायला सुमारे एक पंचमांश वेळ अधिक घेतो, आणि हा दोष समजून तो बदलण्याचे कारण नाही.

दोष शोधताना मुख्य वीज बंद करून जोडण्या घट्ट आहेत का ते पाहावे आणि मगच मीटर लावावा. थर्मोस्टॅट मागणी करत असताना मोटरच्या दोन टोकांत २४ व्होल्ट मिळत असूनही व्हॉल्व्ह उघडत नसेल, तर मोटर जळली आहे किंवा व्हॉल्व्ह अडकला आहे. तो उघडूनही बॉयलर गप्प राहत असेल, तर एंड स्विचच्या तारा सुट्या करून त्यांतील सलगता, म्हणजे त्यांतून वीज अखंड जाते का, ते तपासावे. अशा तक्रारींत या छोट्या स्विचची झीज आधी संशयात घ्यावी.

मुंबईतील फॅन कॉइल युनिटवर, म्हणजे थंड पाण्याच्या नळ्यांवरून पंख्याने हवा फिरवणाऱ्या खोलीतील यंत्रावर, चित्र थोडे बदलते. येथे सुमारे ७ अंशांचे पाणी येते, थर्मोस्टॅट खोली गरम झाल्यावर व्हॉल्व्ह उघडतो, आणि अनेक ठिकाणी थर्मोस्टॅट व व्हॉल्व्ह दोन्ही थेट २३० व्होल्टवर चालतात, त्यामुळे २४ व्होल्टच्या सवयीने तारांना हात लावणे जिवावर बेतू शकते. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे मुख्य यंत्र, सुरू करण्यासाठी एंड स्विचचा सहसा उपयोग होत नाही, कारण पंप नळ्यांतील दाबाच्या फरकावरून आपला वेग ठरवतात. हॉटेलांत मात्र बाल्कनीच्या दारावरील संपर्क-स्विच थर्मोस्टॅटच्या सर्किटमध्ये घालतात, म्हणजे दार उघडे राहिले तर व्हॉल्व्ह मिटतो. पावसाळ्यातील दमट हवेत थंड व्हॉल्व्हवर पाणी धरते आणि खारी हवा जोडटोके गंजवते. म्हणून व्हॉल्व्हच्या अंगाभोवती उष्णतारोधक आवरण अखंड असावे, मोटरचा भाग नळीच्या खाली येऊ नये, निचऱ्याचा ट्रे व्हॉल्व्हच्या खालपर्यंत पोचावा आणि तार जोडपेटीत शिरण्यापूर्वी तिला खालच्या बाजूने वळसा द्यावा, ज्यामुळे तारेवरून ओघळणारे पाणी पेटीत न जाता बाहेरच गळते.