दर केंद्रामागे अडीच माणसं

२० ऑक्टोबर २०२४ ची रात्र. मोल्दोव्हाची राजधानी चिशिनाऊमध्ये मतमोजणी सुरू होती. युरोपीय संघात जाण्याचं उद्दिष्ट राज्यघटनेत लिहायचं का, एवढाच सार्वमताचा प्रश्न. आकडे येऊ लागले आणि युरोपवाद्यांचे चेहरे पडले, कारण 'नाही' स्पष्टपणे पुढे होतं. सकाळ झाली तसं पारडं फिरलं. अखेरचा निकाल आला तो ५०.३५ टक्के 'हो' असा.

ही उसळी समजावून सांगणं अवघड आहे, असं क्रेमलिनने लगेच म्हटलं. ऐकायला पटतं, पण ही उसळी मोजणीच्या क्रमातून आली होती. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात सारखा शिजला असेल तरच. या पातेल्यात दोन थर होते. खेड्यातल्या केंद्रावर मतं थोडी, मोजून लवकर होतात. परदेशातल्या मोल्दोव्हन मजुरांची, परिचारिकांची, विद्यार्थ्यांची मतं उशिरा येतात. अमेरिकेतली केंद्रं तर बंदच कितीतरी तासांनी होतात. देशातल्या मतांत 'नाही'ला ५४-५५ टक्के, तर परदेशातल्या मतांत 'हो'ला ७५ टक्क्यांहून जास्त. वरचा थर आधी वाढला गेला, इतकंच.

आता फरकाकडे बघू. जवळपास १५ लाख मतांत दोन्ही बाजूंमधलं अंतर साडेदहा हजारांच्या आसपास होतं. एक मतदार 'हो'कडून 'नाही'कडे वळला की अंतर एकाने नव्हे, दोनने कमी होतं. म्हणजे निकाल उलटायला सव्वापाच हजारांच्या थोडे वर मतदार पुरले असते. केंद्रं सुमारे २२००. दर केंद्रामागे अडीच माणसंसुद्धा नाहीत!

इतक्या निसटत्या लढतीत बाहेरच्याला रस वाटणं साहजिक आहे. ८०-२० ची लढत विकत घ्यायला कुणी जात नाही. मोल्दोव्हाच्या पोलिसांच्या म्हणण्यानुसार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुमारे ३.९ कोटी डॉलर एका रशियन बँकेमार्फत थेट नागरिकांच्या खात्यांत आले, आणि या जाळ्यात किमान १ लाख ३० हजार लोक होते. सूत्रधार म्हणून नाव घेतलं गेलं ते बँक घोटाळ्यात शिक्षा होऊन मॉस्कोत राहणाऱ्या इलान शोर याचं. शोर आणि क्रेमलिन, दोघांनीही आरोप फेटाळले.

आपल्याकडे याला 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात, तेव्हा यातली मुख्य अडचणही आपल्याला ठाऊक आहे: पैसे घेणाऱ्याने खरंच कुठे शिक्का मारला, हे कळणार कसं? गुप्त मतदानामुळे हा सौदा आंधळा होतो. म्हणूनच मतपत्रिकेचा मोबाइलवर फोटो मागितला जातो. मोल्दोव्हातून फुटलेल्या, रशियाच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या ट्रान्सनिस्त्रिया या भागातल्या मतदारांसाठी असलेल्या एका केंद्रावर तर एका बाईंनी मत टाकल्यावर तिथल्याच निरीक्षकाला सरळ विचारलं, पैसे कुठे मिळतील? बीबीसीच्या प्रतिनिधीसमोरच हे घडलं. पैसे कबूल केले होते म्हणे.

मॉस्कोचं हे नातं फक्त पैशांपुरतं नाही. मोल्दोव्हाची वाइन पूर्वी मुख्यतः रशियातच खपायची. २००६ मध्ये तिच्यावर बंदी आली, २०१३ मध्ये पुन्हा आली. कारण दर्जाचं सांगितलं गेलं, पण २०१३ ची बंदी आली ती युरोपीय संघाशी करार व्हायच्या तोंडावर. २०१६ मध्ये रशियाकडे झुकलेले इगोर दोदोन अध्यक्ष झाले आणि थोड्याच दिवसांत मॉस्कोला गेले. २०२१ च्या जुलैत युरोपवादी अध्यक्ष माया सांडू यांच्या पक्षाला संसदेत बहुमत मिळालं. त्याच शरद ऋतूत गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीशी दरावरून तंटा झाला आणि ऊर्जा आणीबाणी जाहीर करावी लागली. तेव्हा गॅस सगळ्या युरोपातच महागला होता, हेही खरं. पण मत दिलं की काही महिन्यांत त्याचा हिशेब गॅसच्या बिलावर दिसतो, असं इथल्या मतदाराला वाटलं तर त्याला भोळा म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूचीही एक तक्रार आहे, आणि ती मला अगदीच पोकळ वाटत नाही. सांडू ३ नोव्हेंबर २०२४ ला ५५ टक्क्यांवर मतं घेऊन पुन्हा अध्यक्ष झाल्या, पण देशातल्या मतांत त्या मागेच होत्या, तारलं परदेशानं. आणि परदेशात केंद्रं कशी? इटलीत डझनावारी, अख्ख्या रशियात दोन, तीही मॉस्कोत. सुरक्षेचं कारण सरकारने दिलं. मतपत्रिका दर केंद्राला जास्तीत जास्त ५०००. म्हणजे रशियातल्या मोल्दोव्हनांच्या वाट्याला १० हजार. सार्वमतातलं अंतरही जवळपास तेवढंच होतं.

२८ सप्टेंबर २०२५ ला संसदेची निवडणूक झाली. सांडूंच्या पक्षाला १०१ पैकी ५५ जागा मिळाल्या. रशियात त्या वेळीही केंद्रं दोनच होती.