इंग्लंडमध्ये नवं घर: हवाबंदपणाची आणि आवाजाची चाचणी, आणि कागद अडतात त्या जागा

घर बांधून झालं, रंगाचा शेवटचा हात फिरला, सामानाची गाडी ठरली आणि बिल्डिंग कंट्रोलने (बांधकाम नियमांप्रमाणे झालं का हे तपासणारी यंत्रणा) कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला, अडवून ठेवलं. साइट आणि टेस्टर यांच्यात धावपळ करणं हेच माझं काम असल्यामुळे हा प्रसंग मला पाठ झालाय. घरात मोठी खोट क्वचितच असते. गाडी अडते ती उलट्या वाचलेल्या एखाद्या आकड्यावर, नाहीतर सहा महिन्यांपूर्वी काढायला हवा होता अशा फोटोवर.

खालचं सगळं फक्त इंग्लंडपुरतं आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथे हे आकडे लावू नका.

कोणाला कुठली चाचणी लागते

हवाबंदपणाची चाचणी, म्हणजे दारात पंखा लावून घरातून किती हवा गळते ते मोजणं, प्रत्येक नव्या घराला लागते. अप्रूव्हड डॉक्युमेंट एलची (घराच्या ऊर्जावापराबद्दलची सरकारी मार्गदर्शिका) २०२१ची आवृत्ती १५ जून २०२२ला लागू झाली, तेव्हापासून हा नियम आहे. त्याआधी एकाच नमुन्याची अनेक घरं असतील तर त्यातली काहीच तपासली जायची, आणि एक-दोन घरांच्या साइटला ऊर्जेच्या हिशेबात हवागळतीचा १५ हा आकडा धरून चाचणी टाळता यायची. ही सवलत गेली. तरीही "दोनच घरं आहेत, टेस्ट कशाला?" असं सांगणारे ठेकेदार अजून भेटतात. त्यांच्या भरवशावर राहू नका.

आवाजाची चाचणी फक्त शेजाऱ्याशी भिंत किंवा मजला सामायिक असेल तर. सुट्या बंगल्याला नाही. जोडघरं, रांगेतली घरं, फ्लॅट आणि जुन्या इमारतीत नव्याने केलेले फ्लॅट यांना लागते. इथे मात्र नमुना चालतो: प्रत्येक प्रकारातलं पहिलं पूर्ण झालेलं घर, आणि पुढे दर दहा घरांमागे किमान एक मोजण्यांचा संच. फ्लॅटच्या एका संचात सहा मोजण्या असतात, घरांच्या संचात दोन.

"आठच्या आत आलो, मग अडलं कुठे?"

हवागळतीला कायद्याची मर्यादा आहे ८. म्हणजे आत-बाहेर ५० पास्कलचा दाबफरक असताना घराच्या जमीन, भिंती आणि छपराच्या दर चौरस मीटरमागे तासाला ८ घनमीटरपेक्षा जास्त हवा गळता कामा नये. लोक हाच एक आकडा लक्षात ठेवतात.

खरा आकडा तुमच्याच फायलीत पडलेला असतो. नकाशे मंजुरीला जाताना ऊर्जा असेसरने (घराच्या ऊर्जेचा हिशेब करणारा तज्ज्ञ) सॅप गणितात, म्हणजे त्या ठरावीक सरकारी हिशेबात, हवागळतीचा एक डिझाइन आकडा भरलेला असतो, बहुधा ८च्या बराच खाली. प्रत्यक्ष चाचणीत ६.८ आले की साइटवर पेढे वाटायची तयारी होते. मग असेसर गणितात ६.८ टाकतो आणि घराचं कार्बन उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेच्या वर जातं. आता गळती बुजवून पुन्हा चाचणी करा, नाहीतर दुसरीकडे कुठेतरी सुधारणा करून गणित बसवा. दोन्हीला पैसे लागतात. म्हणून पाया खणायच्या आधीच असेसरला विचारा, "माझ्या घराला तुम्ही किती धरलेत?" मग तो आकडा सुताराला, प्लंबरला आणि वायरमनलाही सांगा. भोकं तेच पाडतात.

याच्या उलटी तऱ्हाही आहे आणि ती कोणी सांगत नाही. घर फार घट्ट झालं तरी अडतं. खिडक्यांवरचे छोटे झरोके आणि अधूनमधून चालणारे एक्झॉस्ट पंखे एवढंच वायुविजन असेल, तर डिझाइन आकडा ५च्या वर आणि प्रत्यक्ष चाचणीचा ३च्या वर असावा असं अप्रूव्हड डॉक्युमेंट एफ, म्हणजे वायुविजनाची मार्गदर्शिका, सांगतं. ३ किंवा त्याखाली गेलात की वायुविजनाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. एका खात्याला घट्ट घर हवं, दुसऱ्याला हवेशीर, आणि दोघांमधला हिशेब जुळवायचा तुम्ही.

जो कागद कोणाकडेच नसतो

तो कागद म्हणजे फोटो. २०२१च्या आवृत्तीपासून प्रत्येक घराचे बांधकाम चालू असतानाचे फोटो लागतात: पाया आणि तळमजला, बाहेरच्या भिंती, छप्पर, खिडक्या-दारांच्या कडा, हवाबंदपणाचे तपशील. प्लास्टरबोर्ड लागायच्या आधी, इन्सुलेशन उघडं दिसत असताना काढलेले. फोटोत जागा, तारीख आणि वेळ नोंदली जायला हवी, म्हणजे फोनचं लोकेशन चालू हवं. फाइलच्या नावात प्लॉट क्रमांक आणि त्या तपशिलाचा संदर्भ हवा.

बहुतेकांकडे असतं काय, तर व्हॉट्सॲपवर फिरून आलेले धूसर फोटो, ज्यांतून लोकेशनची माहिती केव्हाच उडालेली असते. भिंत बंद झाली की हा पुरावा परत तयार होत नाही. फोरमनला पहिल्याच दिवशी सांगा की मूळ फाइलच पाठव, फॉरवर्ड केलेली नको.

आणि प्लॉट क्रमांकाचं बघा. चाचणीचा अहवाल म्हणतो "प्लॉट ३", बिल्डिंग कंट्रोलच्या फायलीत टपालाचा घरक्रमांक १४. दोन्ही एकच घर आहे हे पटवण्यात आठवडा गेलेला मी पाहिलाय. दोन्ही क्रमांक प्रत्येक कागदावर घाला.

आवाजाचे उलटे आकडे

इथे दोन मोजमापं आहेत आणि त्यांची दिशा उलटी आहे. भिंतीतून किंवा मजल्यातून जाणारा बोलण्या-गाण्याचा आवाज किमान ४५ डेसिबल अडला पाहिजे. इथे आकडा मोठा तितका चांगला. मजल्यावर पडणाऱ्या आघाताचा आवाज मात्र खालच्या खोलीत ६२ डेसिबलपेक्षा जास्त नको. इथे आकडा लहान तितका चांगला. जुन्या इमारतीतल्या फ्लॅटना हेच आकडे ४३ आणि ६४. "६५ आले, ६२ पाहिजे होते, म्हणजे पास" असं आनंदाने कळवणारा एक गृहस्थ मला भेटलाय. त्याला समजावताना मलाच वाईट वाटलं.

दुसरी फसगत कॅटलॉगची. बोर्डच्या पत्रकावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. तुमच्या भिंतीवरचा ४५ प्रत्यक्ष जागेवर, खालच्या पट्टीतल्या घुमणाऱ्या आवाजाची वजावट धरून येतो, म्हणून पत्रकापेक्षा कमीच दिसतो. पत्रक जोडून भागत नाही. घराच्या आतल्या भिंतींना ४० डेसिबल लागतात, तिथे मात्र प्रयोगशाळेचाच आकडा चालतो.

आवाजाची चाचणी टाळायची असेल तर रोबस्ट डिटेल्स योजना आहे (आधीच मान्य झालेल्या भिंती-मजल्यांच्या रचना वापरायच्या), पण ती फक्त नव्या बांधणीला आणि त्या प्लॉटवर काम सुरू व्हायच्या आधी नोंदणी केली तरच. भिंत अर्धी वर आल्यावर केलेली चौकशी फुकट जाते.

चाचणीचा दिवस

सिंक, बेसिन, शॉवरच्या ट्रॅपमध्ये पाणी भरून ठेवा, आतली दारं उघडी टाका, वादळी वारा असेल तर चाचणी पुढे ढकला. मागे एका जोडघरात पंखा दारात लावून चालू केला आणि आकडा आठच्या वर गेला. टेस्टर सरळ बाथरूममध्ये गेला, टबचं पॅनेल काढलं आणि मला म्हणाला, हात घाल. मैलपाण्याच्या पाइपाभोवती मूठ जाईल एवढं भोक, आणि त्यातून थंडगार झोत. टाइल्स चकचकीत होत्या, पॅनेलमागे कोणी पाहिलंच नव्हतं. किचनच्या कपाटांखालच्या पट्ट्यांमागेही हेच असतं.

आवाजाच्या चाचणीला दोन्ही बाजूंची घरं तयार हवीत आणि साइट शांत हवी. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर टेस्टर परत जाईल आणि पैसे घेऊन जाईल. आघातासाठी पाच हातोड्यांचं यंत्र मजल्यावर ठेवतात. मजल्याच्या रचनेचाच भाग नसेल तर कार्पेट त्याआधी अंथरू नका. टेस्टरचं मीटर दोन वर्षांत तपासलेलं आहे का आणि त्याला यूकेएएस (चाचणी करणाऱ्यांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) किंवा एएनसीची (ध्वनितज्ज्ञांची संघटना) मान्यता आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

मुदती

हवेच्या चाचणीचा निकाल शेवटच्या चाचणीपासून सात दिवसांत बिल्डिंग कंट्रोलकडे जायला हवा. पहिली चाचणी नापास झाली तर तिच्यापासून मोजू नका. आवाजाचा निकाल काम संपल्याच्या सूचनेसोबत किंवा त्याआधी द्यायचा असतो, आणि ती सूचना काम संपल्यापासून पाच दिवसांत. राहायला गेल्याची तारीख इथे मोजत नाहीत. या नियमांत "दिवस" म्हणजे शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या वगळून. नाताळच्या आठवड्यात घाबरून रात्री बाराला ईमेल करणाऱ्यांना हे कळलं असतं तर निवांत झोपले असते.