स्यमंतक मणी खरंच झळाळत असेल का?

गणेश चतुर्थीला चुकून चंद्र दिसला, की मुंबईतल्या कितीतरी घरांत आजही स्यमंतक मण्याची गोष्ट ऐकवली जाते. सूर्याने सत्राजिताला दिलेला हा मणी रोज आठ भार सोनं द्यायचा. तो गळ्यात घालून सत्राजित द्वारकेत आला, तेव्हा साक्षात सूर्यच चालत आल्यासारखं लोकांना वाटलं. सोन्याची गोष्ट बाजूला ठेवू, पण मण्याचं हे तेज मला निव्वळ कवीकल्पना वाटत नाही.

नवरत्नांत सूर्याचं रत्न माणिक. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, आणि त्याला लाल रंग येतो तो थोड्याशा क्रोमियममुळे. क्रोमियमचे अणू जांभळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि त्यातली काही ऊर्जा लाल प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. म्हणजे उन्हात धरलेलं चांगलं माणिक लाल दिसतं, शिवाय स्वतःही लाल प्रकाश देतं. झवेरी बाजारातल्या एखाद्या जाणकाराला दिवे मालवून माणकावर यूव्ही टॉर्च मारायला सांगा. खडा निखाऱ्यासारखा पेटतो! दगडात लोह जास्त असेल, तर मात्र ही आग मंदावते. याच गुणाच्या जोरावर थिओडोर मेमन यांनी 1960 साली माणकापासून जगातला पहिला लेसर बनवला.

हिऱ्याचं तेज वेगळं. आत शिरलेला प्रकाश पैलूंवर आपटून पुन्हा आतच वळतो आणि शेवटी वरून बाहेर पडतो. प्रकाशच नसेल, तर हिरा काळोखात काळाच.

पुढे हा मणी जांबवंताच्या गुहेत पोचतो आणि त्याच्या मुलाचं खेळणं होतो. तिथे माणिक कामाचं नाही. प्रकाश गेला, की काही सहस्रांश सेकंदांत त्याची लाली विझते. अंधारात रेंगाळणारा उजेड काही निळ्या हिऱ्यांना साधतो. आपल्या गोवळकोंडा परिसरातून गेलेला, आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात असलेला 45.52 कॅरेटचा होप हिरा त्यातलाच. त्यात बोरॉन आहे. त्याच्यावर अतिनील दिवा लावून बंद केला, की तो काही वेळ लालभडक चमकत राहतो. पण त्यासाठी लघुतरंगी अतिनील किरण लागतात आणि उन्हातले ते किरण ओझोनचा थर वरच अडवतो. तेव्हा द्वारकेच्या रस्त्यावरचं तेज माणकाने समजावता येतं, गुहेतलं नाही.