स्वयंसेवा रिकामटेकड्यांचे काम नव्हे

‘ज्यांना वेळच वेळ आहे, तेच समाजसेवा करतात, नोकरी-संसारात अडकलेल्याला ते कुठून जमणार?’ हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. आकडे मात्र त्याला दुजोरा देत नाहीत.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने सप्टेंबर २०१५ पर्यंतच्या वर्षभरासाठी केलेल्या पाहणीत, संस्थेमार्फत विनामोबदला काम केलेल्यांचे प्रमाण बेरोजगारांमध्ये २३.३ टक्के, पूर्णवेळ नोकरदारांमध्ये २६.३ टक्के आणि अर्धवेळ नोकरदारांमध्ये ३१.१ टक्के भरले. वयानुसार सर्वांत पुढे होते ३५ ते ४४ वर्षांचे लोक, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर जबाबदाऱ्यांचा भार सहसा सर्वाधिक असतो तेच. आणि अठरा वर्षांखालील मुले घरात असलेल्या पालकांचे प्रमाणही इतरांहून बरेच जास्त होते. यामागचे कारण गूढ नाही. मुलांची शाळा, खेळाचा संघ, कार्यालयातील सहकारी यांतून माणसाचा गोतावळा वाढतो आणि शनिवारच्या स्पर्धेसाठी कोणी मदत करील का, अशी थेट विचारणा त्याच्यापर्यंत पोहोचते. मोकळा वेळ असूनही कोणी विचारतच नसेल, तर तो वेळ तसाच निघून जातो.

समजात तथ्याचा अंश आहे, तो तासांच्या बाबतीत: सहभागी झालेल्यांमध्ये ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींनी दिलेल्या तासांचा मध्यांक (निम्मे लोक ज्याच्या खाली आणि निम्मे वर असतात तो आकडा) वर्षाला ९४ होता, तर सर्वांचा ५२. शिवाय या पाहणीत शेजाऱ्याच्या आजारपणात परस्पर केलेली धावपळ मोजलेलीच नव्हती.