हापूसचा श्वास आणि विमानाचं भाडं

एप्रिल-मेमध्ये मुंबईहून लंडनला, न्यूयॉर्कला, दुबईला निघालेल्या प्रवासी विमानांच्या पोटात बॅगांच्या शेजारी बरेचदा हापूसच्या पेट्या रचलेल्या असतात. बॅगांतला माल निर्जीव असतो, पेट्यांतला जिवंत. झाडावरून उतरवलं म्हणून फळ मरत नाही. ते ऑक्सिजन घेतं, साठवलेली साखर जाळतं आणि कार्बन डायऑक्साइड, वाफ नि उष्णता बाहेर टाकत राहतं. झाडावर असताना या खर्चाची भरपाई पानं करायची. आता जमा बंद आणि खर्च चालू. ताज्या मालाला विमान लागतं ते यासाठी.

वीस अंश सेल्सिअसला ठेवलेला एक टन आंबा साधारण दोनशे ते साडेचारशे वॅट उष्णता सोडतो, म्हणजे जुन्या काळचे शंभर वॅटचे दोन ते चार पिवळे बल्ब सतत पेटते ठेवावेत तेवढी. आकडा किरकोळ वाटतो. पण पेट्या एकमेकींना चिकटून रचलेल्या, वरून प्लास्टिक आणि त्यावर जाळी, त्यामुळे मधल्या पेट्यांतल्या उबेला बाहेर पडायला वाट नसते. तापमान दहा अंशांनी चढलं की श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. श्वसन वाढलं की ऊब आणखी वाढते आणि चक्र सुरू होतं. त्यात आंबा पिकताना एथिलीन वायू सोडतो आणि एक पिकू लागला की शेजारच्यांनाही पिकवतो. कोकणात पेंढ्यात अढी घालतात ती याच वायूच्या भरवशावर. विमानात मात्र अशी अढी कुणालाच नको असते.

मग सरळ फ्रीजमध्ये ठेवावा, बर्फासारखा गार करावा, असं वाटेल. तिथेच फसायला होतं. आंबा हे उष्ण प्रदेशातलं फळ. साधारण 12-13 अंशांच्या खाली तो फार काळ राहिला तर त्याच्या पेशींची पटलं बिघडतात. साल करडी पडते, फळ एका बाजूने पिकतं तर दुसरी बाजू हिरवी राहते, वास येतच नाही. वाईट म्हणजे हे सगळं गारठ्यात असताना दिसत नाही. बाहेर काढल्यावर दोन-तीन दिवसांनी गिऱ्हाइकाच्या घरी दिसतं. स्ट्रॉबेरीला शून्य अंश मानवतं, मासळी बर्फातच हवी, केळं आणि आंबा 13 च्या आसपास. ‘कोल्ड चेन’ (माल वाटेत सतत गार ठेवण्याची साखळी) हा शब्द सगळे एकाच अर्थाने वापरतात, पण प्रत्येक मालाचा गारवा वेगळा असतो.

हापूसच्या वाटेत गारव्याआधी गरमी येते, आणि ती आणतात परदेशांचे कीडविषयक नियम. फळमाशी सालीखाली अंडी घालते, कोयीतला सोंडेकिडा तर कोयीच्या आत लपून बसतो. आपल्या बागांत हे पाहुणे नकोत म्हणून प्रत्येक देशाने आपापली अट घातली आहे. जपानने 2006 मध्ये भारतीय आंब्यावरची बंदी उठवली ती बाष्पप्रक्रियेच्या अटीवर: फळ दमट गरम हवेत तापवून 47.5 अंशांना 20 मिनिटं ठेवायचं. युरोपने 1 मे 2014 पासून आंब्यासह अळू, कारली, पडवळ आणि वांगी बंद केली, कारण आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या भाज्या-फळांच्या 207 खेपांमध्ये कीड सापडली होती. ऐन हंगामात आलेल्या त्या बंदीने वाशीच्या बाजारात चांगलीच खळबळ उडवली. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली. युरोपसाठी 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवण्याची पद्धत रुळली.

अमेरिकेचा मार्ग सगळ्यात वेगळा. तिथली बंदी 18 वर्षांनी, 2007 मध्ये उठली ती गॅमा किरणांच्या अटीवर. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं होतं. अमेरिकेला निघालेले पहिले हापूस तिथेच गॅमा किरण सोडणाऱ्या कोबाल्ट-60 समोरून गेले. रत्नागिरीचा आंबा आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग परत मुंबईच्या विमानतळावर, असा तो द्राविडी प्राणायाम होता. पुढे वाशीला पणन मंडळाचं केंद्र झालं आणि फेरा वाचला. मात्रा किमान 400 ग्रे, म्हणजे किलोमागे 400 ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने आंब्याचं तापमान जेमतेम 0.1 अंशाने वाढतं. फळाला शेक लागत नाही, ते किरणोत्सारीही होत नाही. पण किड्याच्या पेशींतला डीएनए इतका तुटतो की त्याची पुढची पिढी निघत नाही. मला ही पद्धत तिन्हींत सगळ्यात हुशार वाटते. तासभर गरम पाण्यात बुडालेला हापूस चवीला थोडा तरी उतरतो असं म्हणणारे बागायतदार भेटतात, आणि त्यांची जीभ खोटी म्हणायची माझी हिंमत नाही.

आता विमान. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे 50 अंश असतात, पण मालाच्या कप्प्यात प्रवाशांच्या केबिनइतकाच हवेचा दाब राखलेला असतो. आंब्यासाठी हा प्रवासातला सर्वांत सुखाचा भाग. मरण असतं ते जमिनीवर. बागेतून पॅकहाऊसला, तिथून ट्रकने मुंबईला (मुंबई-गोवा महामार्गाबद्दल इथे काही न बोललेलं बरं), मग कार्गो टर्मिनलवर तपासणी, आणि शेवटी धावपट्टीजवळच्या डांबरी मैदानावर, उन्हात, विमानाची वाट बघत. मे महिन्यात आखातात विमान बदलायचं असेल तर तिथलं मैदान आणखी तापलेलं. चकाकत्या उष्णतारोधक चादरी पेट्यांवर घालतात त्या इथल्या एखाद्या तासासाठी. पेट्यांत पेनड्राइव्हएवढा तापमापक ठेवला असेल, तर माल पोचल्यावर त्याचा आलेख काढतात. त्यावर उभा सुळका दिसला की तो बहुधा याच मैदानावरचा असतो.

गोठवलेल्या मालाचं गणित उलटं. उणे 18 अंशांना पाणी घट्ट झालेलं, जिवाणू थांबलेले, विकरं जवळजवळ झोपलेली. त्याला घाई नसते. म्हणून गोठवलेली कोळंबी रीफर (म्हणजे थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून जहाजाने जाते, आणि डबाबंद आमरसाला तर गारवाही लागत नाही. गोठवलेला माल विमानात चढलाच, तर सोबत कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असतो. तो उणे 78.5 अंशांना सरळ वायू होतो आणि एका किलोचा पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बनतो. त्यामुळे खोका हवाबंद करता येत नाही, नाही तर तो फुटेल. बंदिस्त कप्प्यात हा वायू साठला तर तिथे प्रवास करणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा जीव जाऊ शकतो. म्हणूनच विमानवाहतुकीच्या नियमांत हा साधा दिसणारा बर्फ ‘धोकादायक माल’ या यादीत आहे.

विमानाचं भाडं वजनावर असतं, पण माल फुगीर असेल तर आकारावर: 6000 घन सेंटिमीटर म्हणजे एक किलो, असा हिशेब. अमेरिकेला जाणाऱ्या पेटीत आंब्यांपेक्षा भाड्याची किंमत जास्त भरणं ही रोजची गोष्ट. म्हणून जहाजाचे प्रयोग सुरू आहेत. 2022 मध्ये आंब्याचा एक कंटेनर समुद्रमार्गे अमेरिकेला पोचला. प्रवास जवळपास 25 दिवसांचा. अशा प्रवासात गारव्याबरोबर कंटेनरमधला ऑक्सिजन कमी करून फळाचा श्वासच मंदावता येतो.

मे 2025 मध्ये आंब्याच्या 15 खेपा अमेरिकेतल्या विमानतळांवर अडकल्या. विकिरण झालं होतं, किडीची तक्रार नव्हती, प्रक्रियेच्या कागदपत्रांत खोट काढली गेली. निर्यातदारांपुढे दोन पर्याय ठेवले: माल परत न्या, नाही तर इथेच नष्ट करा. परत न्यायचा तर पुन्हा तेवढंच भाडं, आणि मुंबईला उतरेपर्यंत पेटीत विकण्यासारखं काही उरलं नसतं. सगळ्यांनी तो तिथेच नष्ट करायला सांगितला.